उलटी वळी

वर्कशॉपात कुठंतरी पाणी मुरतंय, हे थोरलीला आधी बोटानं सांगितलं, डोळ्यांना ते मागाहून दिसलं. भट्टीत एकदा भाजून आलेला मातीचा वाडगा ग्लेझचा चकाकता लेप लावण्याआधी ती ओल्या स्पंजानं आतून पुसत होती. पुसता पुसता बोट तळाच्या वळीवरून फिरलं आणि अडखळलं. वळी उलटी होती.

चाकावर वाडगा उभा करताना बोटांची वळी आत उमटत जाते, तळापासून काठापर्यंत, गोगलगायीच्या पाठीवर असते तशी. थोरलीचं चाक घड्याळाच्या उलट फिरायचं. धाकटी जाऊ डावरी. तिनं आपल्या चाकाचं बटण पहिल्याच दिवशी पलीकडे करून घेतलेलं, त्यामुळे तिचं चाक काट्यांबरोबर धावायचं. साहजिकच दोघींच्या वळ्या एकमेकींकडे पाठ करून बसत. आणि या वाडग्याच्या बुडाला शिक्का थोरलीचा, तर आतली वळी धाकटीची.

तिनं फळीवरचे आणखी वाडगे उचलून पाहिले. बरेचसे तसेच निघाले. हे सगळे प्रदर्शनाला जायचे होते. प्रदर्शन तिच्या एकटीच्या नावाचं. गॅलरीवालीनं बाहेरच्या पाटीवर ‘एका हाताचं काम’ असं रंगवूनही घेतलं होतं. त्या एका हातात हा दुसरा हात शिरला कसा?

कसा म्हणजे काय, थोरलीनंच दार उघडं ठेवलं होतं. मनगट दुखायला लागल्यापासून धाकटी म्हणायची, “ताई, तुम्ही चाकावर नुसते वाडगे उभे करा. तळ कोरायचं आणि शिक्का मारायचं माझ्याकडे लागलं. हाताला जपा.” किती तो गोडवा! केसानं गळा कापणारे गोडच बोलतात. उद्घाटनाला भर माणसांत ही बाई म्हणणार, आत बोट फिरवून बघा, हे सगळं माझं आहे. आणि आपण हार घालून घेत उभ्या.

जेवताना तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं.

“अगं, ती तुझी जाऊ आहे, गुप्तहेर नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही भावाच्या बायकोचीच बाजू घेणार.”

“मी कुणाची बाजू घेत नाहीये. मी भाजी घेतोय.”

एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की साध्या गोष्टीही डोळे मिचकावू लागतात. शिक्का सकाळी ओला का? टाकाऊ माती भिजत घालायच्या टबावर झाकण, आणि झाकणावर वीट कशाला? माती काय उडून जाणार आहे? धाकटी कोपरापर्यंत हात धुते, ते काय लपवायला? थोरलीनं आपले डोळे तिच्या पाठीला चिकटवून ठेवले आणि वर तोंडानं “चहा घेतेस ना गं?” म्हणत राहिली.

शेवटी तिनं सापळा लावला. नवे वाडगे उभे केले आणि प्रत्येकाच्या काठाखाली आतून नखाची बारीक खूण केली. वर प्लॅस्टिक पांघरलं आणि स्वयंपाकाचं निमित्त करून ती वर गेली. सकाळी धाकटी यायच्या आत तिनं प्लॅस्टिक काढलं. वाडगे तितकेच होते, खुणेचा मात्र एकच. बाकीच्यांना नख लागलेलंच नव्हतं.

“सापडलीस!” थोरली मोठ्यानं म्हणाली. मग आपले वाडगे गेले कुठं, म्हणून तिनं टबावरची वीट काढली. ते तिथंच होते. खालचे विरघळून चिखल झाले होते, वरचा एक अजून आकार धरून होता. काठाखाली नखाची खूण होती.

तिनं तो अलगद काढला आणि तारेनं मधोमध कापला. नव्या माणसाला ती हेच शिकवायची: भांडं खोटं बोलतं, कापलेलं भांडं खोटं बोलत नाही. एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ होती, दुसऱ्या बाजूची बोटभर जाड. तळ एकीकडे सरकलेला. असा वाडगा भट्टीत टिकत नाही, तडकतो. हे शिकाऊ माणसाचं काम होतं आणि वळी तिची स्वतःची होती. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

धाकटी दारात उभी होती. उघडा टब तिनं पाहिला.

“कधीपासून?” थोरलीनं विचारलं.

“मनगट बिघडल्यापासून. जो नीट असायचा तो मी ठेवायचे, ताई. देवाशप्पथ.”

“माझी कीव केलीस.”

“नाही हो.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

धाकटी आपल्या चाकाच्या स्टुलावर बसली. “लग्न होऊन आले, तेव्हा माझे पहिले कप भट्टीतून निघाले. तुम्ही घरभर नाचवलेत. आमच्या डावरीच्या हातात जादू आहे म्हणालात.”

“होतेच चांगले.”

“त्यांची वळी तुमची होती.”

धाकटीचे ते वाकडे कप थोरलीनं याच टबात बुडवले होते आणि त्यांच्या जागी आपले ठेवले होते. नवी पोर रडत चाकावरून उठेल आणि पुन्हा बसणार नाही, या भीतीनं. कुणाला कळलं नाही अशी तिची इतकी वर्षं समजूत होती.

“बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही किती खूश होतात! मग म्हटलं, खरंच तसे यायला हवेत.”

“आले की.” थोरलीनं हातातल्या जाड अर्ध्याकडे पाहिलं. “पण तू शिकणार होतीस गं. मी विसरत चाललेय.”

थोरलीनं नाक पुसलं, गालाला माती लागली.

“गॅलरीवालीला फोन लाव. पाटी बदल म्हणावं, हात दोन आहेत. तुझ्या वाडग्यांवरचा माझा शिक्का घासून काढ. आणि माझे जे वाकडे होतील ते वाकडेच भाजायचे, तडकले तर तडकले. पुन्हा त्यांना हात लावलास तर हात मोडीन.”

“कुठला?” धाकटीनं रडत विचारलं.

“डावा,” थोरली म्हणाली, आणि कापलेल्या वाडग्याचे दोन्ही अर्धे तिनं टबात न टाकता फळीवर वाळत ठेवले.