हात न पोचणारी जागा

राखाडी मोजा, टाचेशी जरा विरलेला, आणि त्याच्या पोटात चेंडू... उंदीर गिळून साप सुस्तावावा तसा तो शिलाई मशीनवर पडला होता. पुरुषाचा मोजा, म्हणजे औषधवाल्याचाच, दुसऱ्या कुणाचा असणार. "धुतलेला आहे गं," ताई आल्याआल्या म्हणाली होती, धाकटीने काहीच विचारलेलं नसताना, आणि पाणी प्यायला आत गेली होती.

मशीनखाली निम्मा शिवलेला पडदा लोंबत होता. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कण्याच्या कडेला, ती गाठ सकाळपासून जागी होती. दिवसभर वाकून लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायचे आणि संध्याकाळी खुर्चीवर उलटं बसून खुर्चीच्याच पाठीवर कपाळ टेकायचं; मग ताईचा अंगठा न विचारता बरोबर तिथे यायचा आणि थांबायचा. ताई चोळायची नाही, नुसतं दाबून धरायची, "सोड श्वास" म्हणायची. घरात दोघीच, दोघी बिनलग्नाच्या, त्यामुळे हे असंच कायमचं, असं कुणीही धरून चाललं असतं... आणि बावन्नाव्या वर्षी ताईने लग्न केलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी. त्याच्या दुकानात ती मलम आणायला जायची, तेही माझ्याच पाठीचं. म्हणजे नीट पाहिलं तर स्थळ मीच जुळवलं म्हणायचं.

ताई बाहेर येऊन समजावू लागली. चेंडू मणक्यावर अजिबात घ्यायचा नाही, कडेला घ्यायचा. मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरायचं, भिंतीला टेकायचं, गुडघे जरासे वाकवत दुखरी जागा शोधायची. सापडली की थांबायचं आणि सोसेल इतकाच भार द्यायचा. धाकटी टेकली. चेंडू निसटला. पहिल्यांदा तो खरंच निसटला; मग मात्र तिने निसटू दिला.

"पोचतच नाही गं," ती म्हणाली, आणि आपला आजारी पोरासारखा सूर तिचा तिलाच ऐकू आला. पण नाही जमलं तर ताईला यावंच लागेल—रोज नको, एक दिवसाआड चालेल—औषधवाला काही म्हणणार नाही. तो कशालाच काही म्हणत नाही, हाच तर त्याचा वाईट गुण, माणसाला धड रागावताही येत नाही त्याच्यावर...

"मुद्दाम करतेयस," ताई म्हणाली.

तिने मोजा पुन्हा खांद्यावरून मागे सोडला.

"मी रोज येणार नाहीये, छकुले."

अठ्ठेचाळीस वर्षांची छकुली भिंतीला टेकून उभी राहिली. ताई पडद्याची शिवण बोटाने चाचपत होती, आणि शिवणीबद्दलच काही बोलावं तशा सुरात ती म्हणाली, "परवा त्यांनी विचारलं, तुमची पाठ नाही का दुखत कधी. मला पटकन सांगताच येईना गं, कुठे दुखते ते. शोधावं लागलं."

टोमणा ओठांवर तयार होता... बरंय की, मलमाची सोय घरचीच झाली... पण तो यायच्या आधी श्वासच बाहेर पडला, चांगला लांब, आणि त्या श्वासासरशी चेंडू नेमका त्या जागी रुतून बसला. तिने शोधलीही नव्हती. गाठ हट्टी पोरासारखी क्षणभर अडून राहिली, मग विरघळायला लागली. कोपरापर्यंत ऊब उतरली. कुणी सांगितलं होतं? माझा राग अजून पुरा व्हायचा होता, आणि पाठ माझी असून इतक्यात फितूर झाली.

"लागलं?"

नाही म्हणता आलं असतं. ताई बिचारी उठली असती, अंगठा पुढे केला असता.

"लागलं," ती म्हणाली.

ताईने नुसती मान हलवली आणि पडदा नीट घडी घालून ठेवला. धाकटीने डोळे मिटून घेतले. ताईची पाठ... ओट्याशी उभी, दोरीवर कपडे वाळत घालताना, उंबऱ्याशी चपला शोधत वाकलेली... जन्मभर बघितलेली पाठ. माप न घेता तिचे कपडे बेतलेत मी, उजवा खांदा तसूभर उतरता आहे हे तिचं तिलाही ठाऊक नसेल. पण दुखतं कुठे? मानेखाली, की खाली कमरेशी? ती त्या पाठीवरून मनातल्या मनात हात फिरवत राहिली, आणि तो कुठेच थांबेना. विचारावं, अगदी आत्ता, ताई आहे तोवर... आणि विचारलंच, तर मिळणारं उत्तर आपल्याआधी दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक झालेलं आहे.