ह्यांना कथा सुचते कुठे

आमचे हे लेखक आहेत. परवा व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं, कथा सुचतात कुठून? ह्यांनी डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "शांततेतून." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत दातओठ खात बसले होते.

डोंबलाची शांतता! माझ्या ताईचा फोन आला की ह्यांना तहान लागते. एरवी पाण्याचा ग्लास हातात आणून द्यावा लागतो, पण तिचा आवाज कानावर पडला की स्वतः स्वयंपाकघरात येतात आणि एक ग्लास प्यायला अर्धा तास लावतात. मी फोन घेऊन बाथरूममध्ये गेले, तर ह्यांना गळका नळ आठवला. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने पाना हातात धरलेला नाही.

असंच ताईचं गुपित ह्यांच्या कानी गेलं. घटस्फोटानंतर इतक्या वर्षांनी ताई आणि भावजी एकाच तलावावर पोहायला जात होते. ती शिकत होती, ते शिकवत होते. "ते हनुवटीखाली हात धरतात गं, मी नुसती पाय मारते," असं सांगताना ताई शाळकरी मुलीसारखी हसायची. तिच्या लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती घरात बापाचं नावसुद्धा काढू देत नसे.

थोड्याच दिवसांत ह्यांची कथा छापून आली. शीर्षक, 'हनुवटी'. लेकीने ती वाचली आणि घर डोक्यावर घेतलं. ताईने पोहणं सोडलं आणि मला फोन करणंही. मी ह्यांना फैलावर घेतलं, तर हेच दुखावले. "अगं, मी तलावाची नदी केली होती!"

कथेला बक्षीस मिळालं. त्यानंतर मात्र ह्यांना काही सुचेना. शांतता तर घरात भरपूर होती, कारण मी बोलणंच टाकलं होतं. हे कोऱ्या कागदासमोर नखं खात बसायचे.

एका दुपारी मऊ आवाजात म्हणाले, "ताईंशी अबोला बरा नाही. आपली माणसं अशी तोडू नयेत." स्वतःच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मला भरून आलं. वाटलं, माणूस सुधारला. वळून पाहते तर हे भरलेला ग्लास घेऊन खुर्ची जवळ ओढत होते.

"बोल," पलीकडून ताई म्हणाली.

केवढं बोलायचं होतं! माफी मागायची होती, रडायचं होतं. मी म्हणाले, "ताई, हॉलचे पडदे धुवायला काढलेत गं."

"रंग जातो का त्यांचा?" तिचा आवाज ओला झाला होता.

"अस्तराचा जातो." माझे डोळे वाहायला लागले.

अस्तर झालं, शिलाई झाली, कापड आटतं का तेही झालं. ह्यांनी एक मोठी जांभई दिली आणि उठून गेले.

"गेले का?" ताईने विचारलं.

"गेले. ताई, आता सांग, पुन्हा पोहायला जातेस का?"

ती म्हणाली, "पडद्यांच्या कड्यांना गंज असेल तर आधी काढून ठेव हं. कापडाला डाग पडतो."