शेजारी उभी राहणारी बाई

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारतळाला लागून सुलक्षणाचं बँकमित्राचं केंद्र आहे. केंद्र म्हणजे काय, तर एक टेबल, अंगठा लावायचं मशीन आणि स्वतःला शाखाधिकाऱ्यापेक्षा तसूभरही कमी न समजणारी सुलक्षणा. सरकारी निराधार योजनेचा पगार जमा झाला की आसपासच्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या तो काढायला तिच्याकडे येतात, आणि येतात त्या जोडीनंच. भामाबाई आल्या की रंगुबाई बरोबर असायच्याच. भामाबाई अंगठा लावणार, रंगुबाई शेजारी उभ्या राहून बघणार. सुलक्षणा दरवेळी चहा विचारायची, रंगुबाई दरवेळी नको म्हणायच्या. बाई लाजाळू आहे, असं सुलक्षणानं नऊ वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

यंदा दिवाळीनंतर बँकेच्या साहेबांनी तिला एक मसुदा पाठवला. बँकांचे नियम ठरवणाऱ्यांनी तज्ज्ञांची एक सल्लागार समिती नेमली होती, आणि त्या समितीची शिफारस अशी, की व्यवहार चालू असताना ग्राहकापासून दोन मीटरच्या आत दुसरं कुणी उभं राहू नये. शेजारी उभं राहून लोक म्हाताऱ्यांना फसवतात, हे कारण दिलं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. कुणाच्या सूचना असतील तर महिन्याच्या आत कळवाव्यात, असंही खाली लिहिलं होतं.

सुलक्षणानं तो कागद सहज भामाबाईंना वाचून दाखवला.

"एकटीनं अंगठा लावायचा आसंल तर मी न्हाई यायची," भामाबाई शांतपणे म्हणाल्या. "राहू दे पगार तिकडंच."

त्या पगारातून भामाबाईंच्या बीपीच्या गोळ्या यायच्या. आणि ही बाई बोलली म्हणजे बोलली, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. सुलक्षणानं त्याच दिवशी सूचना लिहून पाठवली. नियम वरून तयार होऊनच येतात, अशी तिची आजवरची समजूत. करण्याआधी कुणी विचारतं, याचंच तिला मोठं नवल वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी समितीचा फोन आला आणि मोबाइलच्या पडद्यावर पाच चेहरे उमटले. अध्यक्षबाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. शिवाय एक वकील, एक मशीनवाले इंजिनिअर आणि आणखी दोघं. सुलक्षणानं आधी आपलीच शंका काढली.

"नियम तुम्हीच करता का मॅडम?"

"नाही हो. आम्ही फक्त सल्ला देतो. करणारे वेगळे."

म्हणजे लग्नाच्या बैठकीसारखं, सुलक्षणाला वाटलं. जाणती माणसं बोलतात, होकार देतो तो मुलीचा बाप. पण बैठकीत कुणी तोंडच उघडलं नाही तर बापाला तरी कसं कळणार?

"त्या बायका जोडीनं का येतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वाचता येत न्हाई त्यांना."

"पण आता मशीन रक्कम मराठीत बोलून सांगतं ना?" इंजिनिअर म्हणाले.

"सवय आसंल मग."

"कशाची सवय?"

अध्यक्षबाई चिमटा काढत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ठाऊक न्हाई, असं सुलक्षणानं सांगून टाकलं. "विचारून ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या बैठकीला पुण्याला या."

नऊ वर्षं दर महिन्याला डोळ्यांपुढं घडणारी गोष्ट, आणि आपण एकदाही विचारली नाही. सुलक्षणाला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी ती थेट भामाबाईंच्या वस्तीवर गेली. बाई ओसरीवर शेवंतीची फुलं निवडत बसल्या होत्या.

"मावशी, मशीन बोलतंय की आता. मग रंगुबाई कशाला लागत्यात?"

"मशीन बोलतंय, खरं हाय. पर मशीन तुजंच हाय न्हवं?"

भामाबाईंनी फुलांवरची नजर काढली नाही. "तुज्या आदुगर एक व्हता. अंगठा उमटला न्हाई म्हनून त्यानं दोनदा घेतला, आन् पैसं दिलं एकदाच. तवा आमी बायांनी ठरवलं. एकीनं अंगठा लावायचा, दुसरीनं हातांकडं बघायचं."

"कुनाच्या हातांकडं?"

"तुज्या. दुसऱ्या कुनाच्या?"

"आन् चहा का घेत न्हाईत त्या?"

"जिच्यावर नजर ठेवायची तिचाच चहा प्यायचा व्हय? मग नजर कशी ऱ्हाईल?"

सुलक्षणाला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं एका रुपयाचा घोळ नाही, सणासुदीलाही केंद्र उघडं ठेवलं, आणि त्याचं फळ हे. परतताना रस्ताभर ती मनातल्या मनात भामाबाईंशी भांडली. मग हळूच एक पळवाट सुचली. समितीला सांगायचं, म्हाताऱ्या एकट्या बिचकतात. खोटंही नाही आणि आपल्या अंगाला काही चिकटतही नाही. पण एवढ्याशा कारणाला इंजिनिअर लगेच म्हणणार, धीर देणारी दोन वाक्यं मशीनमध्ये घालू. मग दोन मीटर तसेच राहणार आणि भामाबाईंच्या गोळ्या थांबणार.

पुण्याच्या बैठकीत बँकेचे साहेबही येऊन बसले होते. आपली गिऱ्हाइकं आपल्यावर पाळत ठेवतात, हे साहेबांसमोर सांगायचं म्हणजे आपल्याच हातानं आपली अब्रू वेशीवर टांगायची. तरी तिनं सांगितलं. आधीच्या माणसाचे दोन अंगठे, बायांचा ठराव, आपल्या हातांवरची नजर, सगळं.

वकिलांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही?"

"हाय की," ती म्हणाली. "रंगुबाई शेजारी उभी हाय तवर हाय."

अध्यक्षबाईंनी मसुद्यातली दोन मीटरची ओळ खोडली आणि तिच्या जागी काय लिहावं ते सुलक्षणालाच विचारलं.