कळलं नाही म्हटलं, की वाक्य गेलं

असं समजा, तुमची आई खासदार आहे. सभागृहात तिला बोलायला चारच मिनिटं मिळतात. घंटा वाजली की माईक बंद. तेवढ्यात तिला बस, शेती आणि बगळ्यांचं तळं, तिन्ही विषय बसवायचे आहेत. आणि आदल्या संध्याकाळी ती भाषण वाचून दाखवते कुणाला? तुम्हाला! नियम एकच: तुम्ही "कळलं नाही" म्हणालात, की ते वाक्य गेलं. आता सांगा, कॉलर ताठ होईल की नाही?

टिकलीची झाली होती. मग सुट्टीत तिचा मामेभाऊ ढब्बू राहायला आला.

त्या संध्याकाळी जेवता जेवता आई वाचू लागली. "शेतमाल लवकर पोचावा म्हणून तळ्यातून नवा रस्ता..."

"पण आत्या, रस्ता कशाला?" ढब्बू मध्येच बोलला. "आमच्याकडची पहाटेची बस निम्मी रिकामी जाते. कंडक्टर भाजीच्या पाट्या घेऊ देत नाही, म्हणून सगळे टेम्पो करतात. मागच्या सीट काढल्या तर पाट्या बसमध्येच मावतील. मग तळ्यात भराव कशाला टाकायचा?"

आईचा घास हातातच राहिला. "वा रे पठ्ठ्या! तिन्ही विषय एका बसमध्ये बसवलेस की!" तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप टिकलीला चांगलीच झोंबली. एवढी वर्षं ऐकतेय मी, मला कधी मारली का अशी? आणि हा परवा आलेला पाहुणा!

आईने नवं वाक्य लिहून वाचलं. "टिकले, कळलं?"

कळलं होतं. लख्ख कळलं होतं.

"नाही."

"पुन्हा वाचू?"

"वाच... छे, नाहीच कळत बाई."

"मग काय, नियम तो नियम." आईने वाक्यावर काट मारली. त्या जागी टिकलीने सुचवलेलं, बसथांब्यावर झाडं लावायचं वाक्य आलं. ढब्बू नुसता भाजी चिवडत बसला.

सकाळी तो फोनवर वडिलांशी बोलत होता. "नाही बाबा, आत्या नाही मांडणार ते. टिकलीला कळलं नाही ना. मलाच धड सांगता आलं नाही. आता रस्ता होणारच बहुतेक."

दाराआड टिकलीचे कान तापले. मेल्याने चुगली तरी करायची! मग कडकडून भांडता आलं असतं.

बाहेर आई चपला घालत होती.

"आई, थांब. मला कळलं होतं. कालच."

आईने पिशवीतून भाषणाचा कागद काढला. मग म्हणाली, "एक वाक्य घालायचं तर एक काढावं लागेल."

टिकलीने तिच्या हातातला कागद ओढला, पायरीवर ठेवला आणि झाडांच्या वाक्यावर काट मारली. मग आत तोंड करून ओरडली, "ए ढब्ब्या, ये इकडे! तुझं वाक्य तूच लिही. मी नाही लिहून देणार!"