खांबामागची खुर्ची

त्रवा गावातल्या आमच्या चर्चमध्ये लिओंतीनमावशीची खुर्ची खांबामागे असायची. पाठीवरच्या पितळी पट्टीवर तिचं नाव कोरलेलं. तिथून ना वेदी दिसे, ना फादर, तरी अख्ख्या चर्चमध्ये मावशीला तीच जागा प्यारी.

तिचे यजमान, आमचे आन्सेल्मकाका, वर सज्जात ऑर्गन वाजवायचे. वादकाची वेदीकडे पाठ असते, म्हणून खालचं दिसायला त्याच्यासमोर आरसा लावलेला असतो. तरी काकांचा दर रविवारी उशीर ठरलेला. फादर प्रार्थना संपवून ताटकळत उभे, आणि वर सगळं चिडीचूप. काकांना डुलकी लागली म्हणून आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. मेणबत्त्यांचा वास, रंगीत काचांतून खांबावर उतरलेला तांबडा-निळा उजेड, आणि घरी जाताना काकांच्या हातात दोरीने बांधलेलं केकचं खोकं. ते रविवार मला अजून हवेहवेसे वाटतात.

काका गेले आणि ऑर्गन बंद पडला. यंदा तो दुरुस्त झाला. उद्या पहिल्यांदा वाजणार, म्हणून नव्या फादर बास्तियाँनी मावशीची खुर्ची मानाने पहिल्या रांगेत, थेट वेदीसमोर मांडायचं ठरवलं. आज मावशी चर्चमध्ये त्या खुर्चीतच हटून बसली. खांबामागे बसेन, नाहीतर येणारच नाही म्हणाली. समजावून समजावून मी वैतागले.

"तिथून दिसतं तरी काय तुला?"

"मला दिसायचं ते दिसतं. तू वर जा आणि त्यांचे बूट घेऊन ये. उद्या नवी वादक येईल, अडगळ म्हणून टाकून देईल."

ऑर्गन वाजवताना घालायचे ते पातळ तळाचे बूट बाकाखालीच होते. ते काढायला मी बाकावर टेकले आणि सहज आरशात पाहिलं.

वेदी त्यात नव्हतीच. होता तो खांब, आणि त्याच्यामागे खुर्चीत बसून वर माझ्याकडे बघणारी मावशी.

तेवढ्यात फादर खुर्ची न्यायला आले. मी सज्जातून हाक मारली, "फादर, ती खुर्ची हलवू नका. हात जोडते."

ते गोंधळून थांबले. आरशात मावशीने डोक्यावरची टोपी नीट केली.

"बघितलंस ना?" ती खालून म्हणाली. "आता वळव तो वेदीकडे. त्या बिचारीला तरी वेळेवर वाजवू दे."

मी आरशाला हात लावला, पण मला काही तो वळवता आला नाही. उद्याही ऑर्गन थोडा उशिरा वाजला, तर वाजू दे.