घाई नसलेला खेळ

मित्रांनो, माझा पडदा कोपऱ्यात चिरला आहे आणि माझी ‘क’ची कळ दोनदा दाबावी लागते. मी एक जुना संगणक आहे. माझी जुळणी झाली तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातून काही थोर काम होणार. वाट्याला आला दातांचा दवाखाना. तिथे मी वर्षानुवर्षं किडलेल्या दाढा दाखवल्या. “किती चपळ आहे!” असं डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणायच्या. पुढे मी मंदावलो आणि त्यांनी मला काढून टाकलं.

मला घरी नेलं ते एका टेलिफोनवालीने. वीज गेली की चिडलेली माणसं जिला फोन करतात, ती ही. तिचे वडील क्रेन चालवायचे. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत, हूं की चूं करत नसत. “त्यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर माणूस हातचा जाईल,” असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांना ग्रहताऱ्यांचं भारी वेड. म्हणून लेकीने अवकाशातला, डोकं चालवायचा पण निवांत असा खेळ शोधायला घेतला.

पहिल्या खेळात बाबांनी डाव्या हाताने कशीबशी एक वसाहत उभारली. तोच शत्रूची यानं आली आणि सगळं जाळून गेली. बाबांनी माऊस ढकलून दिला.

“दिवसभर तू लोकांची बोलणी खातेस,” ते अडखळत म्हणाले, “घरी परत मारामारी कशाला?”

दुसऱ्यात लढाई नव्हती, पण घड्याळ होतं. बाबांचा हात पोहोचेपर्यंत वेळ संपायचा.

“मी काय शर्यतीचा घोडा आहे का गं?”

ती हसली, पण तोंड फिरवून.

तिसऱ्या खेळाची माहिती तिने आधी मोठ्याने वाचली. “शत्रू नाही. घड्याळ नाही. आपण थांबलो की खेळही थांबतो.”

“मग करायचं काय?”

“सामान उचलायचं, नेमक्या ग्रहावर ठेवायचं.”

“हे तर माझंच काम! मला जरा टेकवून बसव.”

त्यानंतर घरात आवाज आला. काहीच न पिकणाऱ्या एका ग्रहाचं नाव बाबांनी ‘कामचुकार’ ठेवलं. “बाबा, आधी पाण्याची टाकी!” असं लेक म्हणाली की ते गुरकावत, “तू फोन उचल, क्रेन मी चालवतो.” मी तापायचो, घरघरायचो, पण तेच माझे सुखाचे दिवस.

एका दुपारी लेक कामावर होती. बाबांनी एका लांबच्या चंद्रासाठी टाकी उचलली आणि त्यांचा हात माऊसवरून घसरला. मान कलली. खेळ थांबला. मी सगळं पाहत होतो. नुसता माझा पंखा फिरत राहिला.

संध्याकाळी दारात चपला काढता काढता तिने विचारलं, “बाबा, कुठवर आलात?”

तिने त्यांच्या गार पडलेल्या खांद्याला हात लावला आणि त्यांची कललेली मान सावरून धरली.

नंतर बरेच दिवस मी बंदच होतो. एकदाच तिने मला सुरू केलं. टाकी अजून अंधारात लोंबकळत होती. तिने ती अलगद चंद्रावर उतरवली. “ठेवली, बाबा,” म्हणाली आणि मला बंद केलं.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. पण घरचं माणूस आमच्यासमोर एकटं बसलेलं दिसलं, तर जमेल तेव्हा शेजारी जाऊन बसा. आम्ही त्याला सोबत करतो, हे खरं. पण आम्हाला कोणाला हाक मारता येत नाही.