एका फीत अख्खं घर

डॉक्टर फी घेतो ती माणशी. मग एकाच माणसाच्या अंगात सगळ्या घराची दुखणी भरली तर त्याचं काय जातं, असा आजीचा रोकडा हिशेब होता. नातवाचा खोकला, सुनेची डोकेदुखी, म्हाताऱ्याचा गुडघा, सगळं ती आपलंच म्हणून सांगायची आणि औषधं घरी आणून ज्याची त्याला वाटायची.

या खेपेला मात्र तिला धास्ती होती. म्हातारा हल्ली जिन्यात मध्येच थांबायचा, आणि विचारलं तर चपलेचा अंगठा बघतोय म्हणायचा. डॉक्टरचं नाव काढलं की, "उगाच खर्च नको."

दवाखान्यात जुन्या डॉक्टरच्या जागी त्याची लेक बसली होती.

"काय होतंय, आजी?"

"खोकला आहे. सकाळी मळमळतं, आंबट खावंसं वाटतं. आणि जिना चढला की छाती आवळते, डावा हात भरून येतो."

पोरीचं पेन थांबलं. तिनं आजीला आडवं करून छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली.

"काळीज घोड्यासारखं आहे तुमचं. छाती कुणाची आवळते?"

"माझीच."

"दोन मजले चढून आलात आणि आल्या आल्या कंपाउंडरला झापलंत. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाहीत."

आजी पदर सारखा करत बसली.

"मळमळतं त्या सूनबाईंना सवडीनं आणा, गोड बातमी असेल. पण छातीवाल्याला आत्ता आणा. आजोबा ना? त्यांची गोळी तुमची छाती तपासून कशी देऊ? चुकीची दिली तर जिवावर बेतेल."

"म्हणजे दुसरी फी."

"दुसरी फी. आणि त्यांना जिना चढू देऊ नका, मी खाली येते."

आजी तरातरा घरी गेली. म्हातारा म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

"गप बसा. इतकी वर्षं तुमचा गुडघा मी डॉक्टरपुढं मिरवला. छाती तेवढी तुमची तुम्ही दाखवा. उठा, रिक्षा उभी आहे."

रिक्षात तिनं त्याचा डावा हात धरला तो सोडलाच नाही. त्यानंही सोडवून घेतला नाही, तेव्हा ती जास्तच घाबरली.

डॉक्टरीण खाली इमारतीच्या दारातच उभी होती. म्हाताऱ्यानं तोंड उघडायच्या आत आजीनं फी तिच्या हातात कोंबली.

"आधी हे घे. आता यांनी 'काही होत नाही' म्हटलं, तरी पैसे वसूल होईपर्यंत सोडू नकोस."